जिनेतबाईंची थाळी

पोळपाट घ्यायला आलेली बाई दुकानात काय करते, हे मी चाळीस वर्षं पाहिलं आहे. आधी बोटानं टकटक वाजवते. मग उलटा करून पाय बघते, जमिनीवर टेकवून डुगडुगतो का ते पाहते, आणि काहीच खोट सापडली नाही म्हणून जरा नाराज होऊन म्हणते, "मिस्त्री, लाकूड ओलं दिसून राह्यलं." कोणत्याही घरची असो, एवढं केल्याशिवाय पोळपाट घरी जात नाही.

त्या बाईनं यातलं काहीच केलं नाही. तिनं पाय न लावलेला एक पोळपाट उचलला, चार बोटांची टोकाची पेरं त्याच्या कडेला अडकवली, अंगठा वर मोकळा ठेवला आणि हात खाली सोडून दिला. पोळपाट पडला नाही. मग तो हात हळूहळू मागंपुढं झुलायला लागला. बाई चांगली पाच फूट दहा इंच, गोरीपान, वय चाळिशीच्या पुढं, खांदे आमच्या मंडईतल्या हमालासारखे. हात झुलता झुलता खांद्याच्या वर गेला तसा मी खरादावरून उडी मारली.

"ओ बाई! फेकू नका! समोर कासाराचं दुकान हाय!"

ती थांबली, हसली, पोळपाट जागेवर ठेवला आणि निघून गेली. मी मनात म्हटलं, मजीदमियाँ, ही बाई पोळपाट पाहायला आली नव्हती. मग काय पाहायला आली होती? दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. बाजेचे दोन पाय बारीक-जाड झाले.

हे कारंज्यातलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आलेल्या उन्हाळ्यातलं. तेव्हा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्याचे होतो. मी खरादी, माझे अब्बा खरादी. खरादी म्हणजे काय हे आजकालच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. सुतार लाकूड धरून ठेवतो आणि हत्यार चालवतो. आमचं उलटं. आम्ही हत्यार धरून ठेवतो आणि लाकूड फिरवतो. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की ते गोल होत जातं. जे जे गोल, ते ते आमचं. पोळपाट, लाटणं, रवी, बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे, भोवरे, बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा. दिवाळी अंकाच्या लोकांनी सांगितलं, तुमच्या धंद्यातलं काही लिहा. धंद्यातलं बाकी सगळं लोकांच्या घरात पडलेलं आहे, जाऊन पाहा. लिहिण्यासारखी ही एकच गोष्ट आहे.

तर दुसऱ्या दिवशी बाई परत आली, सोबत नवरा. या जोडप्याची गावात चर्चा होतीच. नवरा फ्रान्सचा मोठा विद्वान, जैन मंदिरातल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या वाचायला आलेला. त्याचं नाव रेने. गावानं दोन दिवसांत त्याचे राणेसाहेब करून टाकले. बाईचं नाव जिनेत. आमच्याकडं जीन म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना, त्यामुळं हमाल मंडळी खूश. पण जास्त खूश झाले फुलचंदजी. ते सराफ, मंदिराच्या कामात पुढं असायचे. म्हणाले, "बाईच्या नावातच जिन भगवान हाय, हिले कुठं अडवाचं नाई."

राणेसाहेबांची गंमत सांगितलीच पाहिजे. ते मराठी बोलायचे. पण ती मराठी त्यांनी माणसांकडून नाही, पोथ्यांमधून शिकलेली. समोर उभे राहून, हात जोडून मला म्हणाले, "हे कारागीरा, आमुची भार्या तुजसी काही पुसों इच्छिते."

मी इकडंतिकडं पाहिलं. मला वाटलं, कोणी नाटक करून राह्यलं.

"पुसा म्हणा," मी म्हटलं. "कायले पाह्यजे?"

'कायले' त्यांना समजलं नाही. त्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं आणि मगच पुढं बोलले. पुढचे तीन आठवडे असंच चाललं. मी वऱ्हाडी बोलायचो, ते पोथीतलं बोलायचे, आणि आमच्या दोघांच्या मधून त्या बाईचा जीव इकडून तिकडं जायचा.

बाईनं पिशवीतून एक कापडाची गुंडाळी काढली. आत थाळी. शाळेच्या मैदानावर फेकतात ती थाळी मी तोवर पाहिली नव्हती. दोन उथळ वाट्या एकमेकींवर पालथ्या जोडाव्या तसं लाकूड, बाहेरून लोखंडाची कडी. कडी कशी बसवली ते मी पाहताक्षणी ओळखलं. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती निवताना आवळते, तसंच. मधोमध दोन्ही बाजूंना पितळेची चकती, तीन-तीन पेचांनी घट्ट केलेली. काम असं की हात फिरवत राहावा. मी विचारलं, "कोणं बनवली?"

"तीचिया पित्याने," राणेसाहेब म्हणाले. "तोही तुजऐसा खरादी होता."

बघा! फ्रान्सात पण खरादी! मला एवढा आनंद झाला की मी बाईला स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. आणि आनंदाच्या भरात माणूस हुशारी दाखवायला जातो, तसा मी गेलो. त्यांनी विचारलं, या थाळीचं वजन कमी आहे, का आहे ते सांगता येईल का? मी थाळी उन्हात धरली, फिरवली. एका बाजूच्या चकतीचे पेच स्वच्छ होते. दुसऱ्या बाजूच्या पेचांच्या खाचा कुरतडलेल्या, आणि चकतीच्या कडेला पॉलिशवर ओरखडा.

"हे पाहा," मी बोट ठेवून म्हटलं, अगदी वकिलासारखं. "काम पुरं झाल्यावर, पॉलिश झाल्यावर, कोणंतरी हे उघडलं हाय. आतून माल काढला असन. आणि पेचकस कारागिराचाच हाय, दुसऱ्याचा असता तर पेच अजून खराब झाले असते. ज्यानं बनवली त्यानंच हलकी केली."

राणेसाहेब म्हणाले, "पुनरपि सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी बायकोला त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईचा चेहरा उतरला. तिनं थाळी घेतली, गुंडाळली. "मर्सी," म्हणाली. मर्सी म्हणजे इंग्रजीत दया, एवढं मला शाळेतलं आठवत होतं. मी म्हटलं, दया कर म्हणते का काय? नंतर कळलं, त्यांच्यात ते आभार मानायचं आहे. मी तिच्या बापाला चोर ठरवला आणि ती माझे आभार मानून गेली.

दुसऱ्या दिवशी राणेसाहेब एकटे आले. अर्धा तास बोलले. त्यांच्या पोथीतल्या मराठीतून मला जे उमजलं ते असं.

जिनेतबाई तरुणपणी थाळीफेक करायच्या. गाव लहान, बाप खुर्च्यांचे पाय बनवणारा. चांगली थाळी विकत मिळायची ती दूर शहरात, म्हणून बापानंच मुलीला थाळी करून दिली. त्या थाळीवर मुलगी गावात पहिली आली, जिल्ह्यात आली, पुढं देशाच्या चमूची निवड होती तिथवर गेली. बाईंच्या थाळीचं वजन एक किलो असावं लागतं. किंचित जास्त चालतं, कमी चालत नाही. त्या निवडीच्या दिवशी तिनं आयुष्यातली सगळ्यात लांब फेक केली. एवढी लांब, की पंचांनी थाळी काट्यावर ठेवली. एक तोळा कमी भरली.

फेक रद्द. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. पेपरात बापाचं नाव छापून आलं, लबाड म्हणून. सगळ्यांसमोर मुलगी बापाला म्हणाली, माझ्यासाठी खोटं करायला तुला कोणी सांगितलं होतं? बाप एकच वाक्य बोलला, लाकूड वाळतं. बस. ना शपथ, ना भांडण. तिनं त्यानंतर थाळी धरली नाही. सहा वर्षं ती बापाशी बोलली नाही, आणि सातव्या वर्षी तो वारला.

"आता पुसायाचें कारण काय?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं, कारण मला पण आता ती यायला लागली होती.

कारण आई. आई ऐंशीच्या घरात, एकटी त्याच गावात. दर पत्रात शेवटी एकच ओळ लिहायची: तुझे बाबा खरंच लबाड होते का? बाईला उत्तर देता येत नव्हतं. तिकडच्या कोणा खरादीला दाखवावी, तर संध्याकाळपर्यंत गावभर. इथं आमच्या कारंज्यात तिला कोण ओळखतं? म्हणून थाळी पिशवीत घालून ती सात समुद्र ओलांडून आली. दुकानाबाहेर दोन दिवस घुटमळली. पोळपाट हातात घेऊन बघितला, हा माणूस हाताचा पक्का आहे का म्हणून. आणि मी पक्का माणूस काय म्हणालो, तर बापानंच वजन मारलं.

राणेसाहेब गेले आणि मला स्वतःची लाज वाटायला लागली. पेच उघडले होते हे खरं. पण उघडून काढलं की घातलं, हे मी पाहिलं होतं का? न पाहता बोललो. धंद्यात हा माझा जुना रोग. अब्बा म्हणायचे, तुझी जीभ पटाशीच्या आधी लाकडाला लागते.

आणि दुसरी गोष्ट मला आठवायला पाहिजे होती, ती आठवली नाही. धनजचे एक पाटील होते. त्यांना मी बाजेचे चार पाय करून दिले. वैशाखात पाटील बाज गाडीत टाकून दुकानात हजर. "मजीद्या, हे काय देल्लं? बसलं की बाज डोलून राह्यली. पाव्हण्यासमोर मी पडलो ना बे!" मी म्हटलं, पाटील, वापस न्या, आखाडात सांगा. आखाडात ते परत आले. "आता सांधे निघूनच नाई राह्यले. हत्तीनं ओढलं तरी निघाचे नाई." लाकूड कापलं, रंधा मारला, पॉलिश केलं, तरी ते हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. उन्हाळ्यात सुकतं, हलकं होतं, आक्रसतं. पावसाळ्यात पितं, जड होतं, फुगतं. म्हणून तर गाडीवान उन्हाळ्यात चाकं नाल्याच्या पाण्यात टाकून ठेवतात, नाहीतर धाव रस्त्यावर निघून पडते. हे मला लहानपणापासून माहीत. मग त्या म्हाताऱ्यानं 'लाकूड वाळतं' म्हटलं तर ते खोटं कशावरून?

मी दुकान बंद करून तडक धर्मशाळेत गेलो, जिथं ते उतरले होते. म्हटलं, बाईले सांगा, मजीद चुकला. थाळी मले द्या. पाणी पाजून पाहू.

बाईनं थाळी दिली. का दिली, अल्ला जाणे. मी असतो तर दिली नसती.

आधी फुलचंदजींकडं तोलली. त्यांच्याकडं चांदीच्या भांड्यांसाठी मोठा काटा होता. आमच्या वैशाखात थाळी दीड तोळा कमी भरली, म्हणजे निवडीच्या दिवसापेक्षाही हलकी. मग घरी आणली; घर दुकानाच्या मागंच. माझ्या घरात पाण्याचे दोन माठ ओल्या वाळूवर ठेवलेले असत. लोखंडी कडीला तेल चोपडलं, वाळूवर पोतं अंथरलं, त्यावर थाळी आणि वरून दुसरं ओलं पोतं. घरवालीनं विचारलं, "ये क्या पक रहा है?" मी म्हटलं, एका म्हाताऱ्याची इज्जत. ती म्हणाली, मग पाणी मी मारीन, तुम्ही विसराल.

दहा दिवस पाणी मारलं. रोज सकाळी बाई यायची, दारात उभी राहून आत बघायची. आजाऱ्याला भेटायला यावं तशी. घरवाली तिला ताक द्यायची. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी दहा दिवसांत बाई 'ताक', 'आई', 'चूल', 'हवा' आणि 'बोट' एवढं शिकली. बोट माझ्याकडून, कारण खराद चालू असताना मी सारखा ओरडायचो, "बोट! बोट सांभाळा!"

अकराव्या दिवशी आम्ही चौघं फुलचंदजींच्या गादीवर. फुलचंदजी माणूस सोन्यासारखा. आमच्याकडं तोलताना पारडं जरासं गिऱ्हाइकाकडं झुकवायची रीत, त्याला झुकतं माप म्हणतात. चांगल्या दुकानदाराची ओळखच ती. एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात थाळी. काटा हलला, डुलला, आणि मधोमध आला.

"भरली!" फुलचंदजी म्हणाले. "पुरी भरली, बाई! बाप खरा!"

माझ्या अंगावर काटा आला. मी राणेसाहेबांना मिठी मारायला निघालो. तेवढ्यात बाई पुढं वाकली आणि तिनं फुलचंदजींचं मनगट अलगद धरून वर उचललं.

"बोट," ती म्हणाली.

फुलचंदजींची करंगळी पारड्याच्या साखळीला टेकलेली होती. ती उचलली तसं थाळीचं पारडं किंचित वर गेलं. पाव तोळा कमी.

फुलचंदजी लाल झाले. "बाई, एवढ्याशानं काय होते? तुमचा जीव किती तळमळून राह्यला, मले पाहावलं नाई. भरलंच समजा ना."

राणेसाहेबांनी सांगितलं. बाईनं उत्तर दिलं, ते त्यांनी मान खाली घालून आम्हाला सांगितलं, "ती म्हणे, एवढ्यानेच सर्व गेले. माझिया पित्यानेही मजवरी माया करोनि हेंचि केले असेल."

म्हणजे पाहा. आम्ही बाप खरा ठरवायला बसलो आणि आमच्या मायेनं बाप आणखीच लबाड ठरला. फुलचंदजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, आता उघडल्याशिवाय इलाज नाही.

उघडायची मला खरी भीती होती. आत पटाशीनं कोरून लाकूड काढलेलं निघालं, तर ते झाकायला माझ्याकडं काही नव्हतं. दुकानात आलो. कुरतडलेल्या बाजूच्या पेचांवर तेल सोडलं, घटकाभर मुरू दिलं. बाईला म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. ती हलली नाही, खरादाच्या शेजारी उभी राहिली. पहिला पेच सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्यानं छळलं. चकती उचलली.

आत वाटीसारखी गोल खोबणी. खरादावर कोरलेली खोबणी असली की तिच्या तळाला गोल गोल बारीक रेघा राहतात, एकीच्या आत एक. हातानं पटाशी मारून कोणी नंतर लाकूड काढलं की त्या रेघा तुटतात. मी भिंग लावून पाहिलं. एक रेघ तुटलेली नव्हती.

खोबणीत शिशाची जाड चकती, साच्यात ओतलेली, गुळगुळीत. बनवताना वजन पुरं करायला घातलेली. तिच्यावर आणखी एक शिशाचा तुकडा होता. हा ओतलेला नव्हता. हातोडीनं ठोकून चपटा केलेला, कडेला कानस मारून मापात बसवलेला. वाजू नये म्हणून कागदात गुंडाळलेला. कागद छापील, त्यांच्या भाषेतला. राणेसाहेबांनी चष्मा वर करून वाचला. पेपराचा तुकडा होता, त्याच वर्षाचा, निवडीच्या आधीच्या महिन्याचा.

मी भिंग खाली ठेवलं. आता मी न पाहता बोलत नव्हतो.

"साहेब, बाईले सांगा. हिच्या बापानं यातून काही काढलं नाई. यात घातलं हाय. थाळी बनवली तवा पुरी भरली असन. मंग लाकूड वाळलं, हलकी झाली. हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून त्यानं पेच उघडून हा वरचा तुकडा घातला, पुरी केली. मंग महिनाभरात ते अजून वाळलं. त्याले वाटलं नाई एवढं वाळीन म्हणून. बस, एवढंच झालं."

राणेसाहेब बायकोला सांगायला लागले. "न्यून न केले," ते आपले मराठीतच बोलत राहिले, "अधिक घातले, अधिक घातले," तेव्हा बाईनं त्यांना हलवलं आणि ते त्यांच्या भाषेवर आले.

ती रडली नाही. म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितलं. तिनं तो ठोकलेला तुकडा तळहातावर घेतला, कानशीच्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं.

मग तिनं विचारलं, बाबांनी हे तेव्हाच का सांगितलं नाही?

हे मी सांगू शकत होतो, कारण मीच ते करून बसलो होतो. थाळी मी उघडली होती, असं तो म्हणाला असता, तर पुढचं कोणी ऐकलं असतं का? कुरतडलेले पेच पाहून मी एका मिनिटात निकाल देऊन मोकळा झालो. पंचांनी वेगळं काय केलं असतं? मी तिला तसंच सांगितलं आणि माफी मागितली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तो हात अजूनही असा जड होता की बास.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माझ्या डोक्यात एक कीडा वळवळत होता. त्यांचा मुलूख थंड, ओलसर. तिथं लाकूड एवढं कसं वाळलं? एका महिन्यात तोळाभर? धंद्यातला प्रश्न होता, मला राहवलं नाही. ही चौकशी मी करायला नको होती का, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

"थाळी घरात ठेवत कुठं होते?" मी विचारलं.

बाई चटकन सांगायला लागली, आनंदानं. स्वयंपाकघरात. चुलीच्या वर एक खिळा होता. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आई रोज संध्याकाळी थाळी पुसायची, तेलाचा हात फिरवायची आणि कापडी झोळीत घालून त्या खिळ्यावर टांगायची. हिवाळाभर चूल पेटलेली. निवडीच्या आधी तर दुप्पट काळजी, आई थाळी खिळ्यावरून हलूच द्यायची नाही...

बोलता बोलता ती थांबली.

राणेसाहेब पण थांबले. मी पण समजलो. थाळी वाळवली होती ती आईच्या चुलीनं.

"बापाले माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

रोज ते त्या खिळ्याखाली बसून जेवायचे, ती म्हणाली. आणि खरादी माणूस. चुलीवर टांगलेलं लाकूड काय होतं, हे त्याला माहीत नसेल? म्हणून तर त्यानं शिसं घातलं. बायकोला खिळा बदल म्हणाला नाही, कारण ती पोरीसाठी मायेनं करत होती. आणि सगळं जग लबाड म्हणालं, पोटची पोर म्हणाली, तरी त्यानं चुलीचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर पोरीची फेक आईनं घालवली, असं झालं असतं. ते त्याला नको होतं. म्हणून लाकूड वाळतं. का वाळलं, कुठं वाळलं, ते त्यानं सोबत नेलं.

आता मात्र ती रडली. खरादाच्या फळीवर डोकं टेकवून, भुशात, मोठ्यानं. घरवाली आतून धावत आली आणि काही न विचारता तिच्या पाठीवर हात फिरवत बसली.

मी थाळी बंद केली. विचारलं, शिशाचा अजून एक तुकडा घालून पुरी करून देऊ का? ती नको म्हणाली. दोन्ही तुकडे जसे होते तसे ठेवले, तोच कागद गुंडाळून.

जायच्या आदल्या दिवशी ते दोघं फुलचंदजींना घेऊन दुकानात आले. बाईला एक कागद लिहून हवा होता. आईला दाखवायला. कारागिरानं लिहिलेला, त्याच्या सहीचा, सराफाच्या साक्षीचा. मराठीतच असू दे, राणेसाहेब वाचून सांगतील. आईला सही आणि शाई दिसली पाहिजे.

मी अक्षर लावून लिहिलं. मी मजीद खरादी, राहणार कारंजा, ही थाळी उघडून डोळ्यांनी पाहिली. हिच्यातून काहीही काढलेलं नाही. बनवणारानं वजन पुरं करण्यासाठी शिसं वाढवून घातलेलं आहे. बनवणारा हाताचा आणि इमानाचा पक्का होता. लाकूड वाळल्यामुळं वजन घटलं. आणि लाकूड वाळण्याचं कारण... इथं मी थांबलो.

"इथं काय लिहू, साहेब?"

राणेसाहेबांनी तोंड उघडलं. बाईनं हात करून त्यांना गप्प केलं आणि मला, नवऱ्याच्या मराठीत नाही, माझ्या घरात शिकलेल्या मराठीत म्हणाली, "हवा."

मी म्हटलं, "बाई, नुसत्या हवेनं एवढं वाळत नाई. दुसरा कोणी खरादी वाचीन तर हसन मले."

"मजीद," ती म्हणाली, "आई." मग बोटानं नाही नाही करत म्हणाली, "चूल नाही. हवा."

फुलचंदजी माझ्याकडं पाहत होते. मी दौतीत टाक बुडवला. हवा लिहिलं, खाली सही केली. फुलचंदजींनी कागद सरळ करून सगळा वाचला, त्या शब्दाशी आल्यावर एकदा बाईकडं पाहिलं, आणि सही ठोकली.

चाळीस वर्षांत लाकडाबद्दल खोटं मी तेवढं एकदाच लिहून दिलं.